मौद्याची जागा माही आहे

आमचं ऑफिस शनिवारी संध्याकाळी सहाला बंद व्हायचं आणि साडेसहाला काटोल रोडवरच्या एका गार्डन रेस्टॉरंटमध्ये पुन्हा उघडायचं. त्या रेस्टॉरंटच्या पाटीवर ‘फॅमिली’ असं ठळक लिहिलेलं होतं, पण तिथे स्वतःची फॅमिली घेऊन आलेला माणूस मी तरी कधी पाहिला नाही. हिरवळीवर प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन मोठे कूलर, खारे शेंगदाणे, काकडी, मसाला पापड आणि टेबलाच्या टोकाला आमचे साहेब. नागपुरात कोणी “बसायचं का?” असं विचारलं की कशासाठी, ते वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही दर शनिवारी बसायचो. आणि आठवडाभर ऑफिसात लटकलेला प्रत्येक निर्णय तिथे व्हायचा. कोणाला कुठली साइट द्यायची, कोणाची सुट्टी कापायची, कोणाचा पगार किती वाढवायचा, सगळं.

मी हे फार लवकर शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी शनिवारी सरळ घरी जायचो आणि त्या वर्षी माझा पगार नावापुरता वाढला. दुसऱ्या वर्षी मी बसायला लागलो. दारूची चव मला मुळीच आवडली नव्हती. पहिले दोन महिने तर मी घोट घेतला की लगेच पापड तोंडात कोंबायचो. काम मी पूर्वीएवढंच करत होतो, उलट सोमवारी थोडं कमीच. पण साहेबांनी एका शनिवारी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली, “हा पोरगा आपला आहे” म्हणाले, आणि एप्रिलच्या पगारात ती थाप दिसली. हे मी आज कबुलीजबाब दिल्यासारखं सांगतोय. तेव्हा मला ती हुशारी वाटायची.

ज्यांच्याबद्दल मला सांगायचंय त्या मॅडम मात्र बारा वर्षं त्याच ऑफिसात होत्या आणि त्या बारा वर्षांत त्यांना कोणी “बसायचं का?” असं एकदाही विचारलं नव्हतं.

हिंगणा एमआयडीसीतली आमची कंपनी कोळसा वाहून नेणाऱ्या रबरी बेल्टची दुरुस्ती करायची. कारखान्यांत, कोळशाच्या यार्डांत हे बेल्ट लांबच लांब पसरलेले असतात. फाटले की तेवढा भाग कापून दोन टोकं पुन्हा जोडावी लागतात. ही टोकं थराथराने सोलायची, रबराचं सोल्यूशन लावायचं, एकावर एक बसवायची आणि वरून-खालून गरम प्रेसमध्ये दाबून ठेवायची. आत रबर शिजतं आणि सांधा तयार होतो. यातलं सगळ्यात अवघड काम शेवटचं असतं. प्रेस आपली आपण थंड होईपर्यंत ती उघडायची नाही. नुसतं बसून राहायचं. कारखान्याचे लोक डोक्याशी उभे असतात, “झालं का, झालं का” करत असतात, आणि आपण हलायचं नाही.

हे न हलणं मॅडमना जमायचं तसं मी दुसऱ्या कोणाला जमलेलं पाहिलं नाही. त्या प्रेसशेजारी एक पोतं टाकून बसायच्या आणि पिशवीतून लसूण काढायच्या. तासन्‌तास लसूण सोलायच्या. घरच्या आठवड्याच्या भाज्यांचा लसूण त्या साइटवर सोलून न्यायच्या. मधूनच हाताचा मागचा भाग प्रेसला लावून पाहायच्या आणि पुन्हा पाकळी हातात घ्यायच्या. कारखान्याचा एखादा इंजिनिअर आरडाओरडा करायला आला तर त्याच्याही हातात लसणाचा एक गड्डा द्यायच्या. “बसा साहेब. दोन सोला, तवर होते.” एकदा एकाने खरंच सोलला होता.

अंगात पंजाबी ड्रेस, त्यावर पुरुषी खाकी शर्ट, पायात सेफ्टी शूज. कंपनीने बाईच्या मापाचे शूज कधी मागवलेच नाहीत, त्यामुळे त्या दोन नंबर मोठे शूज पुढे कापूस कोंबून घालायच्या आणि चालल्या की लांबूनच कळायचं. बारा वर्षं त्या दर जानेवारीत आपल्या मापाच्या शूजसाठी अर्ज करत आल्या होत्या. “त्याईले वाटते, मी थकून जाईन,” त्या म्हणायच्या. “मी कायले थकू? अर्ज लिहाले मले पाच मिनिटं लागते.”

बेल्टशी त्या बोलायच्या. आम्ही सगळे बेल्टला ‘तो’ म्हणायचो, त्यांच्या लेखी मात्र ती बाई होती. फाटलेल्या बेल्टवर हात फिरवत म्हणायच्या, “काहून वं, कोणी ओढलं तुले इतकं?” पहिल्यांदा मी हसलो होतो. नंतर पाहिलं, त्यांचा हात जिथे थांबायचा तिथेच आतला धागा तुटलेला निघायचा. सांध्याचं जे काही मला आलं ते त्यांनीच शिकवलं, आणि पुरतं आलं नाही तो दोष माझा.

त्या वर्षी मौद्याच्या पुढच्या एका कारखान्याच्या कोळसा यार्डाचं वर्षभराचं काम आम्हाला मिळालं. तिथे कंपनीचा कायमचा साइट इन्चार्ज लागणार होता. नवी ग्रेड, पगारात मोठी उडी, गाडी. आमच्या ऑफिसात त्या जागेसाठी सगळ्यात लायक कोण, हे चहावाल्यालाही माहीत होतं. मॅडमनी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन रीतसर अर्ज दिला. बाहेर येऊन मधल्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मौद्याची जागा माही आहे. मी मागितली आहे. कोणाले काही म्हणायचं असंन तं आत्ता म्हणा.”

सगळे आपापल्या टेबलावरच्या कागदांत शिरले. साहेबांनी आतून फक्त “देखेंगे मॅडम, देखेंगे” असं म्हटलं.

‘देखेंगे’ म्हणजे शनिवारी, हे मॅडमना ठाऊक होतं. त्या शनिवारी साडेसहाला आम्ही जेमतेम खुर्च्या ओढल्या असतील नसतील, तोच फाटकातून मोठ्या शूजचा आवाज आला. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात पाण्याच्या बाटलीत भरलेला मठ्ठा, काखेत रजिस्टर. त्यांनी शेजारच्या टेबलाची खुर्ची उचलली, साहेबांच्या बरोबर समोर ठेवली आणि बसल्या.

साहेब हसत म्हणाले, “अरे मॅडम, तुम्ही इथं? हे आपलं असंच असते, गप्पा-टप्पा.”

“इथी कामाचं बोलणं होते म्हणते,” मॅडम म्हणाल्या. “कामाचं बोलणं म्हणजे मीटिंग. मीटिंग म्हणजे मिनिट्स पाहिजे. तुम्ही चालू द्या, मी लिहून राहिली.”

मीटिंगमध्ये काय झालं ते लिहून ठेवायचं, त्याला ऑफिसात सगळे मिनिट्सच म्हणतात. मॅडमनी बाटलीतून ग्लासात मठ्ठा ओतला, वर जिऱ्याची पूड टाकली आणि पेनाचं टोपण काढलं. आमची पंचाईत अशी झाली की त्यांना जा म्हणायला कारण नव्हतं. पहिल्या ग्लासापर्यंत सगळे जपून बोलत होते. पण दारूला समोर कोण बसलंय याची फिकीर नसते, आणि दुसऱ्या ग्लासानंतर आम्हालाही राहिली नाही.

सोमवारी अकराला ऑफिसात आठवड्याची मीटिंग असायची. मॅडम उभ्या राहिल्या आणि मागच्या मीटिंगची मिनिट्स म्हणून रजिस्टर वाचायला लागल्या. मला तो कागद जवळजवळ पाठ आहे.

“उपस्थित सहा अधिक मी. विषय एक, जुन्या प्रेसचा हीटर बदलणे. दुसऱ्या पेगला मंजूर. तिसऱ्या पेगला नामंजूर. चौथ्या पेगला पुन्हा मंजूर. विषय दोन, स्टोअरकीपरची पगारवाढ. साहेबांचं मत, माणूस चांगला आहे पण कधी दिसत नाही. निर्णय, या वर्षी नको.”

स्टोअरकीपर तिथेच भिंतीला टेकून उभे होते. सकाळी नऊला कुलूप उघडणारे आणि सहाला लावणारे, दारूचा थेंबही न घेणारे वयस्कर गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. हॉलमध्ये कोणीतरी फस्सकन हसलं आणि मग हसू आवरेना. साहेबांचा चेहरा लाल झाला.

“मॅडम, ते ऑफिशियल नव्हतं!”

“असं का? मग त्याच्यावर ऑफिशियल लेटर कसे निघून राहिले?”

हीटर त्याच आठवड्यात बदलला गेला. स्टोअरकीपरांनाही थोडं काही मिळालं. मौद्याचा विषय मात्र साहेब दर वेळी टाळत राहिले. त्यानंतर शनिवारची जागा बदलायला लागली. कधी वर्धा रोडचं सावजी भोजनालय, कधी अमरावती रोडचा ढाबा. मॅडम बरोबर पोचायच्या. कशा पोचायच्या ते साहेबांना कळलं नाही. त्या मला शनिवारी पाच वाजता विचारायच्या, “काहून गा, कुठी आहे आज?” आणि मी खरं सांगून टाकायचो. माझ्या हातून त्यांच्यासाठी तेवढंच व्हायचं.

त्यांचा दारूला विरोध होता असं मला वाटायचं. एकदा खापरखेड्याकडून एका कामावरून जीपने परत येत होतो. दुपार होती, रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती. मी विचारलंच, “मॅडम, तुम्ही दारूबंदीवाल्या आहात का?”

 त्या बाहेर एका वळणाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तिथी गुत्ता होता. माहा बाप इथी ठेकेदाराकडं वॅगन खाली करे. शनिवारी पगार भेटे. मी अन् माही आई फाटकाजवळ उभ्या राहो, बाप गुत्त्यात जायच्या आधी त्याले पकडाले. कधी सापडे, कधी दुसऱ्या बाजूनं निघून जाये. रविवारी विहारात पंचशील म्हणताना आई चार शीलं हळू म्हणे, अन् पाचवं, दारू नाही प्याचं, इतक्या जोरात, का सारी बाया-माणसं बापाकडं पाहे. तो मान खाली घाले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.”



“तिथी दारू पिल्यानं पगार जाये,” त्या म्हणाल्या, “अन् तुमच्या टेबलावर दारू पिल्यानं पगार वाढते. मी दोन्हीकडून रिकामीच. लहानपणी बाप पिऊन राहिला म्हणून भेटला नाही, आता मी पिऊन नाही राहिली म्हणून भेटत नाही. याच्यात दारूचा काय दोष आहे, सांग? दारू तं दोन्हीकडं तीच आहे. साहेबाले प्याचं असंन तं खुशाल पिऊ दे. पण माहा पगार त्याच्या टेबलावर कायले ठेवला?”

जीप थोडी पुढे सरकली. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “तू पण. प्याची असंन तं चवीसाठी पे गा. पगारासाठी नको पिऊ.”

मी आजही कधीमधी घेतो, खोटं कशाला बोलू. पण ग्लास हातात घेतला की हे वाक्य ऐकू येतं, आणि खरंच चव हवी आहे का, हे मी स्वतःला विचारतो. बऱ्याचदा उत्तर नाही असं येतं आणि मी लिंबूसोडा मागवतो. ते शिकायला मला फार वेळ लागला.

मौद्याचा निर्णय झाला तो शनिवार काटोल रोडचाच होता. साहेब त्या दिवशी खुशीत होते. तिसरा पेग भरता भरता त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, “मौद्याले हा जाईन. पोरगा आपल्यात मिसळते.” टेबलावरच्या चौघांनी ग्लास उंचावले. माझं लग्न ठरलेलं होतं, मानकापूरला दोन खोल्यांचा फ्लॅट पाहून ठेवला होता. मला आनंद झाला. तो आनंद मी लपवलाही नाही. मग समोर नजर गेली. मॅडम लिहीत होत्या.

“कारण काय लिहू?” त्यांनी विचारलं.

“लिहा ना, मिसळते म्हणून.”

“अन् माह्या अर्जाचं?”

“मॅडम, तुम्ही लेडीज. साइट लांब आहे. आणि तुम्ही... आता कसं सांगू, तुम्ही टीममध्ये बसत नाही.”

“बसली तं आहे समोर,” मॅडम म्हणाल्या. साहेबांनी हसून विषय बदलला. मॅडमनी मठ्ठ्याचा ग्लास संपवला, हेल्मेट उचललं आणि निघाल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही.

सोमवारी अकराला त्यांनी ते वाचलं. “विषय तीन. मौदा साइट इन्चार्ज. वेळ, तिसरा पेग. कामावर चर्चा, नाही. कारण, पोरगा आपल्यात मिसळतो.” मग माझं नाव. मग, “माझा अर्ज मी विचारेपर्यंत टेबलावर आला नाही.”

साहेब या वेळी चिडले नाहीत. त्यांनी अतिशय शांतपणे आमच्याकडे पाहिलं. “असं कोण बोललं? तुम्ही सगळे होते तिथं. बोला. मी असं बोललो?”

पहिला म्हणाला, “आठवत नाही सर.” दुसरा म्हणाला, “असं काही झालं नाही.” तिसऱ्याने आणि चौथ्याने नुसत्या नकारार्थी माना हलवल्या. मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पंख्याकडे पाहिलं. मला सगळं आठवत होतं, खांद्यावरचा हातसुद्धा आठवत होता. मी म्हणालो, “मलाही आठवत नाही.”

मॅडमनी रजिस्टर तसंच उभ्याने हातावर धरलं आणि लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, “पाचही जणांना आठवत नाही. बरोबर लिहिलं ना?” मग त्या जागेवर जाऊन बसल्या.

आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, पण त्या सकाळच्या त्या तीन शब्दांची जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

मला वाटलं त्या राजीनामा देतील. ऑफिसात सगळ्यांनाच तसं वाटत होतं, साहेबांना तर आशा होती. मी जिन्यात त्यांना गाठलं आणि काहीतरी चाचरत बोलायला लागलो. त्यांनी मला थांबवलं.

“तू माफी मागाले आला का? नको मागू. माफी दिली तं तुले बरं वाटंन, मले काय भेटंन? मले मौदा पाहिजे.” मग दोन पायऱ्या उतरून पुन्हा मागे वळल्या. “अन् मी कुठी जाऊन नाही राहिली. माह्या जाची तं त्याईनं वाट पाहावी.”

पुढच्या शनिवारी साडेसहाला शूजचा आवाज आला. तीच खुर्ची, तोच मठ्ठा, तेच रजिस्टर. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

मी मौद्याला गेलो. पगार वाढला. मे महिना आला. नागपूरकडचं मेमधलं ऊन ज्याने अंगावर घेतलंय त्याला सांगायला नको, तव्यावर पाय ठेवल्यासारखं होतं. कारखान्याने मुख्य बेल्टचा एक सांधा बदलायला बेल्ट बंद ठेवण्याची परवानगी दिली. किती वेळ बंद ठेवायचा ते आमच्या साहेबांनी शनिवारी टेबलावर ठरवलं. “चार तासांत करून टाकू. पार्टी खूश होऊन जाईन. काय बे, होईन ना?”

मौद्याहून मी शनिवारी टेबलावर यायचोच, आणि तोवर माझे दोन ग्लास झाले होते. “होईल ना सर.”

“होत नाही,” मॅडम समोरून म्हणाल्या. “मे महिना आहे. नुसती प्रेस थंड व्हालेच चार तास लागंन.”

“मॅडम, तुम्ही लिहा,” साहेब म्हणाले. मॅडमनी लिहिलं.

सांधा मी स्वतः उभं राहून केला. शेवटचा अर्धा तास उरला तेव्हा प्रेसला हात लावता येत नव्हता. मी दोन बादल्या पाणी मागवलं आणि प्रेसवर ओतलं. हे आमच्या धंद्यात कोणीही करू नये असं काम आहे, कारण वरून थंड झालेलं रबर आत कच्चंच राहतं. हे मला पक्कं माहीत होतं. मला बादल्या आणून देणाऱ्या हेल्परलाही माहीत होतं, तो माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होता. चार तासांत बेल्ट सुरू झाला. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तो सांधा उघडला. बेल्ट मधोमध फाटला आणि टनावारी कोळसा खाली ओतला गेला. खाली कोणी उभं नव्हतं हे नशीब. अख्खा यार्ड बंद पडला.

पुढचं मला स्टोअरकीपरांनी नंतर सांगितलं, तेही तीन-चार वेळा आणि प्रत्येक वेळी डोळे पुसत. साहेब धावत हॉलमध्ये आले आणि म्हणाले, “मॅडम, गाडी खाली उभी आहे, मौद्याले निघा.”

मॅडम डबा उघडत होत्या. “कोण म्हणून जाऊ?”

“चार्ज तुमच्याकडं. लेटर नंतर पाहू.”

“मग मी पण नंतर जाते.”

त्या उठल्या, डबा घेतला, केबिनच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला. कारखान्याचे फोनावर फोन येत होते. साहेब आधी ओरडले, मग समजावायला लागले, मग कंपनीचं नाव जाईल म्हणाले. मॅडम जेवत होत्या. “बारा वर्षं मी थांबली. बेल्ट एक सकाळ थांबंन.”

शेवटी साहेबांनी मला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, म्हणजे मी विनवण्या केल्या की मॅडम विरघळतील. “सांग यांना,” ते म्हणाले. “किती नुकसान होऊन राहिलं ते सांग.”

माझ्यासमोर कोळशाचा ढीग होता आणि कारखान्याचा अधिकारी माझ्या कानाशी ओरडत होता. मला धाडस आलं वगैरे काही नाही. लपायला जागाच उरली नव्हती. मी म्हणालो, “सर, त्या सोमवारी मॅडमनी वाचलं ते शब्दन्‌शब्द खरं होतं. मौद्याला मी पेगावर आलो. सांधा मला येत नाही, त्यांना येतो. लेटर द्या सर.”

अख्ख्या हॉलने ऐकलं.  साहेबांनी फोन ठेवला आणि टायपिस्टला आत बोलावलं.

लेटर आलं. मॅडमनी हात धुतले, पुसले, मग ते उभ्याने दोनदा वाचलं आणि परत दिलं. “तारीख चुकली आहे.”

“आजचीच तर आहे.”

“आजची नाही. त्या शनिवारपासूनची पाहिजे. ज्या दिवशी ही जागा दिली, त्या दिवसापासून माही ग्रेड.”

“मॅडम, त्या दिवशी काही ऑफिशियल झालं नव्हतं.”

“झालं होतं,” मॅडम म्हणाल्या. “माह्याजवळ लिहिलेलं आहे. अन् आता आठवणारा पण एक आहे.”

साहेबांनी तारीख बदलली. त्यांच्याजवळ दुसरा उपाय नव्हता. बाकीच्या चौघांपैकी एकालाही सांधा करता येत नव्हता, त्यांना फक्त शनिवार येत होता. मॅडमनी लेटरची घडी घातली, खाकी शर्टाच्या खिशात ठेवली आणि मग गाडीत बसल्या.

मौद्याला त्या पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्यांनी बेल्टच्या फाटलेल्या कडेवर हात फिरवला, माझ्या कच्च्या सांध्यातलं चिकट रबर दोन बोटांत घेऊन पाहिलं आणि मला म्हणाल्या, “सुरी आण.” अंधार पडेपर्यंत मी त्यांच्या हाताखाली थर सोलत होतो. कारखान्याचा अधिकारी दर तासाला यायचा, किती वेळ म्हणून विचारायचा, आणि त्या दर वेळी तेच सांगायच्या, “झालं की सांगते.” प्रेस त्यांनी रात्रभर तशीच राहू दिली.

सकाळी सातला प्रेस उघडली. सांधा कुठे आहे ते बोटाने शोधावं लागत होतं. अधिकाऱ्याने बेल्ट सुरू करण्याच्या परवानगीचा कागद आणला आणि सवयीने माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला आणि मॅडमकडे बोट दाखवलं. “इन्चार्ज त्या आहेत.”

त्याने एकदा त्यांच्या शूजकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मॅडम पुढे आल्या, कागद घेतला, तो सगळा वाचला आणि साइट इन्चार्ज लिहिलं होतं तिथे आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. अक्षर इतकं मोठं की चौकटीत मावलं नाही. त्याच्या खाली साक्षीदाराची एक ओळ होती. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला आणि पेन माझ्या हातात दिलं.

“इथी तुही सही कर,” त्या म्हणाल्या. “अन् या वेळेस ध्यानात ठेव.”